फाइलीचा सातवा नियम

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आजही असे बरेच कारखाने आहेत, की तिथला संगणक सुरू झाला की तो सर्वांत आधी दीड-दोन पानांची एक फाइल वाचतो. त्या फाइलीत काय लिहायचं, कसं लिहायचं आणि काय लिहिलं नसेल तर काम सुरूच होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवलेलं आहे. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माझ्यानंतर दोघांनी त्यात भर घातली, पण पाया माझा. याचा मला अभिमान आहे आणि एकाहत्तराव्या वर्षी तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

मात्र या फाइलीच्या ज्या नियमाचं सर्वांत जास्त कौतुक झालं, तो सातवा नियम माझा नाही. आणि ज्या प्रसंगातून तो आला, त्याबद्दल मी एका कागदावर सहीनिशी खोटं लिहून दिलेलं आहे. अभिमान आणि खोटं, दोन्ही एकाच कामातलं असल्यामुळे दोन्ही इथेच लिहितो.

आधी काम काय होतं ते सांगतो. कारखान्यातलं यंत्र पंचवीस-तीस वर्षं चालतं, त्याला जोडलेला संगणक मात्र सहा-सात वर्षांत म्हातारा होतो. तो बंद पडला की यंत्रही उभं राहतं, कारण यंत्राला फक्त त्याच्यातल्या जुन्या प्रोग्रामची भाषा कळते. नवा संगणक आणावा तर तो जुना प्रोग्राम चालवत नाही, आणि जुन्याचे भाग भंगारातही मिळत नाहीत. यावर उपाय असा, की जुन्या संगणकाची अख्खी हार्ड डिस्क उचलून तिची एकच मोठी फाइल करायची. तिला आम्ही इमेज म्हणतो. मग नव्या संगणकाच्या पोटात एक खोटा जुना संगणक उभा करायचा आणि ही इमेज त्याला डिस्क म्हणून द्यायची. या खोट्या संगणकाचं नाव व्हर्च्युअल मशीन. आतल्या प्रोग्रामला पत्ता लागत नाही. तो आपला जुन्याच घरात आहे असं समजून काम करत राहतो.

पण इमेज मुकी असते. आपण केवढ्या संगणकातून आलो, आपल्याला कोणती वायर लागते, आपल्यावर नवीन काही लिहिलं तर चालेल का, यातलं ती काही सांगत नाही. मी माकुणसारचा. सफाळ्याच्या भातगिरणीत लहानपणापासून जात आलो. तिथे प्रत्येक पोत्याला चिठ्ठी टाचलेली असते: कोणाचं भात, कोणती जात, किती सडायचं. चिठ्ठी पडली तर गिरणीवाला पोत्याला हात लावत नाही. इमेजला अशीच चिठ्ठी लागते, आणि ती चिठ्ठी कशी असावी हे ठरवणं हे माझं काम होतं.

ही चिठ्ठी मी एक्सएमएल नावाच्या पद्धतीत बसवली. तिच्यात प्रत्येक गोष्ट नाव घालून सुरू होते आणि तेच नाव घालून संपते, त्यामुळे काय कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं याबद्दल वाद राहत नाही. संगणकाला ती वाचता येते आणि माणसालाही. आमच्या कंपनीचा मालक शिरीष हा माझ्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार मुलगा. तो म्हणायचा, "राऊतकाका, माणसाला कशाला वाचता यायला पाहिजे? आपण वाचू की." मी हट्ट सोडला नाही. कारखान्यात बिघाड होतो तेव्हा तिथे शिरीष नसतो, फिटर असतो. त्याला नोटपॅडमध्ये फाइल उघडून ती वाचता आलीच पाहिजे. हा माझा पहिला नियम आणि तो खरोखर माझा आहे.

बाकीचे नियम गिऱ्हाइकांनी शिकवले. तारापूर रस्त्यावरच्या एका औषधाच्या कारखान्यात आम्ही एक जुना प्रोग्राम नव्या संगणकात आणला. डिस्क भरपूर मोठी दिली. प्रोग्राम सुरू होताच म्हणाला, जागा अपुरी आहे. देखभाल बघणारे यादवजी कमरेवर हात ठेवून उभे होते.

"साहब, कल तक खोली में रहता था तो खुश था. आज बंगला दिया तो बोलता है जगह नहीं है."

"थांबा यादवजी, बघतो."

"देखिए, देखिए. मेरा साला भी ऐसा ही है."

कारण गमतीचं निघालं. तो प्रोग्राम ज्या काळात लिहिला, त्या काळात एवढी मोठी डिस्क कोणी पाहिलीच नव्हती. मोकळ्या जागेचा आकडा त्याच्या मोजमापात मावेना, म्हणून तो शून्याच्या खाली घसरे. उपाय एकच होता, त्याला लहान डिस्क आहे असं भासवणं. तेव्हापासून चिठ्ठीत दोन वेगळी कलमं आली: डिस्क आहे केवढी आणि दाखवायची केवढी. यादवजी नंतर भेटले की विचारायचे, "क्यों साहब, उसको अभी भी गरीब बना के रखा है?"

दुसरे सावेसाहेब. एका पोलादाच्या कारखान्यातले इंजिनियर, अतिशय टापटिपीचे. त्यांचा फोन आला की यंत्र सुरूच होत नाही, तुमची फाइल खराब झाली.

मी विचारलं, "साहेब, फाइलीत काही बदललंत का?"

"छे हो राऊत. काही बदललं नाही. फक्त जरा देखणी केली."

त्यांनी ती पत्र लिहायच्या प्रोग्राममध्ये उघडून मथळे ठळक केले होते, रंग दिला होता, आणि त्या प्रोग्रामने आपण होऊन सगळी सरळ अवतरणचिन्हं वळणदार करून टाकली होती. चिठ्ठी वाचून मशीन सुरू करणाऱ्या आमच्या यंत्रणेला ती ओळखता येईनात. मी बोईसरहून रिक्षाने जाऊन ती सरळ केली. सावेसाहेब हिरमुसले. "आधीची फारच ओकीबोकी दिसत होती," म्हणाले. त्यानंतर मी असं केलं, की फाइल नाकारताना यंत्रणेने नुसतं चूक आहे असं म्हणायचं नाही. कितव्या ओळीत, काय चुकलं आणि काय लिहायला हवं, ते मराठी, हिंदी आणि इंग्रजीत सांगायचं. इतर कंपन्यांची यंत्रणा आकडे तोंडावर फेकायची. आमची समजावून सांगायची. लोक आमच्याकडे यायचे ते त्यासाठी.

आता जयवंतीताई.

जयवंती मेहेर या एडवणच्या. घरच्या होड्या, घरचे सगळे मासेमारीतले, आणि या मात्र बोईसरला कापड रंगवायच्या एका कारखान्यात शेड लावायच्या. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं आणि म्हणतं, हाच रंग पाहिजे. मग कोणते रंग किती ग्रॅम मिसळले की तो बरोबर उतरेल, हे काढायचं. एका लालाचे पन्नास लाल असतात आणि ताईंना ते वेगळे दिसायचे. त्या एडवणहून सफाळ्याला यायच्या, मी माकुणसारहून. एकाच गाडीने बोईसर. फलाटावर त्या मला राऊतभाऊ म्हणायच्या आणि कारखान्यात राऊतसाहेब.

त्यांच्या विभागातला रंग मोजणारा जुना संगणक आम्ही नव्यात आणला. तोवर ताई प्रत्येक शेडचं प्रमाण वहीतही लिहून ठेवायच्या. मी त्यांना म्हणालो, "ताई, आता ही वही बंद करा. दोन्हीकडे लिहिलं की चुका होतात."

"बगा हां, तुमच्या जिवावर बंद करते."

"करा."

त्यांनी वही बंद केली.

इथे एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. मूळ इमेजवर थेट लिहू देणं धोक्याचं, म्हणून आम्ही तिच्यावर एक थर चढवायचो. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा मारतात तसं. नवीन जे काही लिहिलं जाईल ते त्या थरावर. काम संपल्यावर थर ठेवायचा की टाकून द्यायचा, हे चिठ्ठीत लिहिता येत असे. आणि लिहिलं नसेल तर? तर टाकून द्यायचा, असं मी ठरवलं होतं. याचं कारण चाचणी. आम्ही दिवसातून दहा वेळा मशीन चालवून बघायचो आणि दर वेळी जुना थर नकोच असायचा. प्रत्येक वेळी एक ओळ लिहायचा कंटाळा, म्हणून न लिहिण्याचा अर्थ मी आमच्या सोयीने ठरवला. आणि ताईंच्या कारखान्याची फाइल मी आमच्या चाचणीच्या फाइलीवरून उतरवली. ती ओळ तिच्यात नव्हती.

जवळजवळ दोन महिने काही झालं नाही, कारण संगणक बंदच झाला नाही. शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्टीलाही तो बॅटरीवर चालू ठेवायचे. मग त्या बॅटऱ्या बदलायचा दिवस आला. ताईंनी मला फोन केला.

"राऊतसाहेब, मानसं आलीत बॅटरीची. बंद करू ना?"

"करा ताई. पण नीट पद्धतीने हं, एकदम बटण दाबू नका."

"एवढं कळतं मला."

त्यांनी तो अगदी नीट बंद केला, आणि नीट बंद केला म्हणूनच घात झाला. व्यवस्थित बंद होताना यंत्रणा विचार करते, थराचं काय करायचं? चिठ्ठीत उत्तर नाही. म्हणजे टाकायचा. वीज मध्येच गेली असती, कोणी वायर उपटली असती, तर यंत्रणेला आवराआवर करायला वेळच मिळाला नसता आणि तो थर डिस्कवर तसाच पडून राहिला असता. मी तो तासाभरात जोडून दिला असता. दोन महिन्यांच्या सगळ्या शेड गेल्या त्या एका माणसाने काम बरोबर केल्यामुळे.

दुपारी मी तिथे गेलो. फाइल उघडली आणि मला दुसऱ्या मिनिटाला कळलं. ताई बाजूला उभ्या होत्या, हातात शेडच्या तुकड्यांची पेटी. कारखान्याचे व्यवस्थापक मागे उभे होते. ते म्हणाले, "राऊत, झालं काय? बाईंनी बंद करताना काही घोळ घातला का?"

मी म्हणालो, "बघावं लागेल."

आणि बघण्याच्या निमित्ताने ती नसलेली ओळ फाइलीत लिहिली आणि फाइल जतन केली.

शिरीषने मला भाग पाडलं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त विचारलं, "काका, आपल्याकडून काही?" मी नाही म्हणालो. त्या महिन्यात आणखी काही कारखान्यांशी आमची बोलणी चालली होती. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे, की ती फाइल माझी होती आणि ती चुकू शकते हे मला सहन होत नव्हतं. अहवाल मी लिहिला. त्यात वाक्य आहे: "चालकाने संगणक अयोग्य पद्धतीने बंद केल्यामुळे माहिती नष्ट झाली." खाली माझी सही.

ताईंना शेडच्या कामावरून काढून पॅकिंगला बसवलं. त्याआधी जुन्या तुकड्यांवरून हरवलेल्या सगळ्या शेड त्यांच्याकडूनच पुन्हा लावून घेतल्या. त्यांनी त्या लावून दिल्या, गिऱ्हाइकाकडून एकही परत आली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सफाळ्याच्या फलाटावर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग म्हणाल्या, "भाऊ, तुमची ती चिठी असते ना मशीनची. तिच्यात एकादी गोष्ट लिवलेलीच नाय, तर मशीन काय समजते?"

मी म्हणालो, "त्याचं आधी ठरलेलं असतं."

"कोन ठरवतं?"

"मी."

त्या म्हणाल्या, "आमच्यात शेजारनीनं तिचे बोंबील आमच्या दोरीवर वाळत घातले, तर काडताना आमी आदी विचारतो, घरात ठेवायचे का बाजारात न्यायचे? ती न बोलता गेली असंल तर तिच्या घरी जाऊन विचारतो. तवर एक पन बोंबील हलवत नाय. आपल्या मनानं ठरवायचा आपल्याला काय अधिकार?"

गाडी आली आणि मी उठलो. त्या उठल्या नाहीत. पुढच्या गाडीने आल्या.

दोन-तीन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. मी मात्र त्यांचं बोलणं उचललं आणि फाइलीची दुसरी आवृत्ती त्यावर बांधली. सातवा नियम असा: थर ठेवायचा की टाकायचा हे लिहिलंच पाहिजे. लिहिलं नसेल तर यंत्रणा काहीही गृहीत धरणार नाही, मशीन सुरू करणार नाही, माणसाला विचारेल. पुढे मी हाच न्याय इतर कलमांना लावला. जिथे चुकीच्या अंदाजाने कोणाचं काम बुडू शकतं, तिथे अंदाज करायचा नाही. त्यानंतर आमच्या फाइलीमुळे कोणाची एक ओळ गेली असं मला आठवत नाही. पुण्याला या धंद्यातल्या लोकांची एक सभा झाली, तिथे मला फाइलीबद्दल बोलायला बोलावलं. सगळे सोय बघून गाळतात तो प्रश्न तुम्ही सक्तीचा केलात, हे कसं सुचलं, असं एकाने विचारलं. मी म्हणालो, "अनुभवातून." टाळ्या पडल्या. शाल मिळाली. ती मी अजून वापरलेली नाही.

यंदा मे महिन्यात मी एडवणला गेलो. ताई समुद्राकडच्या बाजूला बोंबलाच्या दोऱ्यांपाशी होत्या. केस पांढरे झालेत, नजर तीच. मला पाहून म्हणाल्या, "या राऊतभाऊ. चा घेनार, का आज पन गाडी आलीय?"

मी बसलो आणि सगळं सांगितलं. नसलेली ओळ, ती गुपचूप लिहिणं, अहवाल, पुण्याच्या टाळ्या. त्या हातातले बोंबील निवडत ऐकत होत्या.

"मला तवाच म्हाईत होतं," त्या म्हणाल्या. "फलाटावर तुमचं तोंड बगितलं आनि समजले."

"मग बोलला का नाहीत?"

"कोनाला बोलू? कागद तुमचा, सही तुमची. मी नंतर दोन ठिकानी शेडच्या कामाला गेले. दोगांनी जुन्या ठिकानी फोन लावला. तिथून सांगितलं, ती? तिनं कम्प्युटर उडवला. उडवला! जशी काय मी पतंग घेऊन बसलेली हाय."

मी हात जोडले.

"ते नको," त्या म्हणाल्या. "तुमी रडलात तर मला चा गार प्यावा लागंल. मला तो कागद बदलून पायजे."

"ताई, तो सातवा नियम तुमचा आहे. तिथे तुमचं नाव घालायला सांगतो."

"घाला. पन आदी कागद."

घरी येऊन मी शिरीषला फोन केला. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "तेव्हा सांगितलं असतं तर कंपनी बुडाली असती का रे?"

"नाही काका," तो म्हणाला. "एक महिना वाईट गेला असता."

एक महिना.

त्याने नियमांच्या पुस्तिकेत सातव्या नियमाखाली ताईंचं नाव आणि गाव घातलं आहे. कारखान्याचा मालक आता बदलला आहे, पण कामगारांच्या जुन्या फाइली तिथेच आहेत. मी दुरुस्तीचं पत्र लिहून घेऊन गेलो. टेबलावरच्या मुलीने ते वाचलं आणि म्हणाली, "काका, हे इतकं जुनं. त्या बाई आता इथे नाहीत. याचं मी काय करू?"

"त्यांच्या फाइलीत माझा अहवाल आहे, त्याच्यावर लावा. आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारा."

तिने मारला. ती प्रत घेऊन मी एडवणला गेलो. ताईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचलं. त्यात मी लिहिलं होतं, की श्रीमती जयवंती मेहेर यांनी संगणक योग्य पद्धतीने बंद केला होता, माहिती नष्ट झाली ती मी केलेल्या रचनेतल्या चुकीमुळे, आणि आधीचा अहवाल खोटा होता. मला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मग बोट ठेवून म्हणाल्या, "हे अर्दं हाय."

"काय राहिलं?"

"मी आदी सगळ्या शेड सेव केल्या होत्या. एकेक उगडून बगितली, मंग बंद केलं. ते कुटं हाय यात? कोन पन बंद करील. मी सेव करून बंद केलं."

मी खिशातून पेन काढलं. त्यांनी माझा हात थांबवला. "वर खरडू नका. नवा करा. शिक्का पन नवा आना."

नवा केला, शिक्काही आणला. ताईंनी तो वाचून घडी घातली आणि घरात नेऊन ठेवला. आता इथेही लिहून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्या चार लोकांनाही ठाऊक असेल. एडवणच्या जयवंती मेहेर यांनी त्या दिवशी आधी प्रत्येक शेड सेव्ह केली, उघडून तपासली, आणि त्यानंतर संगणक बंद केला. याच क्रमाने.